शंभर शॉर्टकट पाठ केले तरी हात माऊसकडेच जातो, काय करायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दिवसभर विंडोजच्या लॅपटॉपवर ऑफिसचं काम, एका वेळी दहा-बारा विंडो उघड्या, शिकायचंच म्हणून शंभर शॉर्टकटची यादी प्रिंट काढून स्क्रीनशेजारी चिकटवली, आणि महिना झाला तरी कॉपी-पेस्ट सोडून एकही हातात बसलेला नाही. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, नेमके कोणते शिकायचे, लक्षात कसे ठेवायचे, आणि चांगला कीबोर्ड किंवा शॉर्टकटचं एखादं सॉफ्टवेअर घेतलं तर फरक पडेल का.

मी १७ वर्षं हेच काम करतेय, सुरुवातीला डेटा एंट्रीचं आणि मग रिपोर्टिंगचं, आणि टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिले काही दिवस त्याला माझ्याच शेजारी बसवतात, त्यामुळे ही यादीची अडचण मी खूप जणांची जवळून बघितलीय. तुमची स्मरणशक्ती चांगली आहे, अडचण दुसरीकडे आहे. यादीत लिहिलेलं असतं की विंडोज + डी दाबलं की डेस्कटॉप दिसतो, पण कामात असताना "मला आता डेस्कटॉप हवाय" असं काही आपण मनात बोलत नाही ना, हात आधीच माऊसवर गेलेला असतो, आणि क्लिक झाल्यावर आठवतं की अरे याला शॉर्टकट होता. म्हणजे खरा प्रश्न हात निघायच्या आधी त्याला कसं अडवायचं हा आहे, आणि ते शंभर ठिकाणी एकदम जमत नाही, एका वेळी एकाच ठिकाणी जमतं.

म्हणून कोणते शिकायचे याचं उत्तर माझ्या यादीत नाही, तुमच्या दिवसात आहे. मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकही शॉर्टकट शिकवत नाही. एक कोरा कागद आणि पेन देते आणि सांगते, नेहमीसारखं काम कर, फक्त हात माऊसकडे गेला की कशासाठी गेला ते एका शब्दात लिही, तेच परत झालं तर त्याच शब्दापुढे एक रेघ ओढ. दुपारपर्यंत कागद बघितला की बहुतेक वेळा रेघा तीन-चार शब्दांपुढेच गर्दी करून असतात. एका मुलाच्या कागदावर "खालच्या पट्टीवरून एक्सेल" आणि "खालच्या पट्टीवरून मेल" या दोनच ओळी रेघांनी भरल्या होत्या, तो दिवसभर मेल वाचून आकडे एक्सेलमध्ये भरायचा, त्याला बाकी नव्वद शॉर्टकट शिकवून काय उपयोग होता. त्याला ऑल्ट + टॅब नीट शिकवलं आणि पहिले पंधरा दिवस दुसरं काही नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत तेही सांगते. तुमचं काम मजकूर आणि आकड्यांचं आहे म्हणून मी हे सगळं ठामपणे सांगतेय, फोटो किंवा डिझाइनचं काम असतं तर उत्तर वेगळं असतं, तिथे एक हात माऊसवर किंवा पेनवर राहणारच आणि शॉर्टकट डाव्या हाताला जमतील तेवढेच कामाचे. ऑफिसने काही कॉम्बिनेशन बंद करून ठेवली असतील तर ती चालणार नाहीत. तुम्ही रिमोट डेस्कटॉपवरून दुसऱ्या मशीनवर काम करत असाल तर ऑल्ट + टॅब कुठल्या मशीनला लागणार हे विंडो फुल स्क्रीन आहे की नाही आणि सेटिंग काय आहे त्यावर ठरतं, आणि तिथे कंट्रोल + ऑल्ट + डिलीटच्या जागी कंट्रोल + ऑल्ट + एंड दाबावं लागतं.

आणि लॅपटॉप म्हटलात म्हणून हे आधीच सांगून टाकते. "एफ२ दाबलं तर ब्राइटनेस कमी होतो" किंवा "एफ५ ने आवाज वाढतो" अशा तक्रारी मी हमखास ऐकते. बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या कळा आधी ब्राइटनेस-आवाजाचं काम करतात आणि खरं एफ२ हवं असेल तर एफएन धरून दाबावं लागतं. खूप मॉडेलवर एफएन + एस्केप दाबलं की हे उलटं होतं, एस्केपच्या कळेवर छोटं कुलपाचं चित्र आहे का बघा. हे एकदा करून घ्या, नाहीतर निम्मे शॉर्टकट "माझ्याकडे चालत नाहीत" म्हणून सोडून द्याल.

आता विंडो बदलण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दहा-बारा विंडो उघड्या असतात असं तुम्हीच म्हणालात आणि तुमच्या कागदावर सगळ्यात जास्त रेघा इथेच पडतील असं मला वाटतं. ऑल्ट + टॅब सगळ्यांना माहीत असतं, पण ते कसं चालतं हे फार थोड्यांना माहीत असतं. तिथे जी चित्रं दिसतात ती तुम्ही विंडो कधी उघडली या क्रमाने नसतात, शेवटची कधी वापरली या क्रमाने असतात. म्हणजे आत्ता मेलमध्ये आहात आणि त्याआधी एक्सेलमध्ये होतात, तर ऑल्ट + टॅब एकदा पटकन दाबून सोडलं की एक्सेल, परत दाबून सोडलं की मेल. बघायची गरज नाही, चित्रं दिसेपर्यंत थांबायची गरज नाही. तिसरी विंडो हवी असेल तर ऑल्ट धरून ठेवून टॅब दोनदा. तीनच्या पुढे मात्र मी कधी मोजत बसत नाही, तिथे ऑल्ट + टॅब हळू पडतं आणि लोक तिथेच कंटाळून माऊसकडे जातात. पुढे निघून गेलात तर शिफ्टही दाबा, उलट्या दिशेने मागे येतं.

इथे एक सेटिंग बघून घ्या. विंडोजमध्ये या यादीत ब्राउझरचे अलीकडचे टॅबसुद्धा वेगळ्या विंडोसारखे दिसू शकतात, मुख्यतः एजचे, आणि मग "शेवटची विंडो" हा हिशोबच बिघडतो. सेटिंगमध्ये सिस्टम, त्यात मल्टीटास्किंग, तिथे ऑल्ट + टॅबमध्ये टॅब दाखवायचे की नाही ते निवडता येतं. मी नवीन मशीन मिळालं की पहिल्यांदा हे बंद करते.

तीनच्या पुढच्या विंडोंसाठी विंडोज + आकडा. टास्कबारवर पिन केलेले जे आयकॉन आहेत त्यांना डावीकडून १, २, ३ असे नंबर असतात, विंडोज + १ दाबलं की पहिलं ॲप, विंडोज + २ की दुसरं, उघडं नसेल तर उघडतं आणि उघडं असेल तर समोर येतं. त्या ॲपच्या तीन विंडो असतील तर विंडोज धरून तोच आकडा परत परत दाबायचा. मला सगळ्यात जास्त वेग कशाने आला असेल तर यानेच, पण अट एक आहे, आयकॉनचा क्रम ठरवायचा आणि तो परत बदलायचा नाही. माझ्याकडे वर्षानुवर्षं १ म्हणजे फाइल एक्सप्लोरर, २ म्हणजे ब्राउझर, ३ म्हणजे मेल, ४ म्हणजे एक्सेल, मशीन बदललं तरी पहिल्या दिवशी हाच क्रम लावून घेते, त्यामुळे आता मला आकडा आठवत नाही, बोट जातं. चारपाचच पिन करा. नऊ पिन केलेत तर परत मोजायला लागाल.

दोन विंडो शेजारीशेजारी हव्या असतील तर विंडोज + डावा ॲरो, मग उरलेल्या अर्ध्यात दुसरी निवडायची. दोन स्क्रीन असतील तर विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा ॲरो, विंडो उचलून दुसऱ्या स्क्रीनवर जाते. यावरून एक प्रसंग सांगते. शेजारची मुलगी दुसरा मॉनिटर काढून लॅपटॉप मीटिंगला घेऊन गेली आणि तिथे तिची कॅल्क्युलेशनची विंडो दिसेचना, टास्कबारवर आयकॉन आहे, क्लिक केलं की उघडल्यासारखं वाटतं, पण स्क्रीनवर काही नाही. विंडो त्या काढलेल्या मॉनिटरच्या जागीच राहिली होती. अशा वेळी माऊस काहीच करू शकत नाही, कारण धरायला काही दिसतच नाही. मी तिला फोनवर सांगितलं, ऑल्ट + टॅबने ती विंडो निवड, मग ऑल्ट + स्पेस दाब, एक छोटा मेनू येतो तोही कदाचित दिसणार नाही पण काळजी करू नकोस, एम दाब म्हणजे मूव्ह, मग कुठलाही एक ॲरो एकदा दाब आणि आता माऊस नुसता हलव. विंडो माऊसला चिकटून समोर आली. ऑल्ट + स्पेस हे काही ॲप स्वतःसाठी घेऊन ठेवतात, तसं असेल तर विंडोज + शिफ्ट + ॲरोने काम होतं.

आता लक्षात ठेवण्याबद्दल. पाठ करण्याऐवजी त्यातली रीत बघा, मग निम्मे अंदाजाने येतात. विंडोजची कळ धरली की आपण पूर्ण मशीनशी बोलतोय, म्हणजे लॉक, सेटिंग, डेस्कटॉप, विंडो हलवणं. ऑल्ट धरला की समोरच्या विंडोशी, तिचा मेनू, तिला बंद करणं, मागे-पुढे जाणं. कंट्रोल धरला की विंडोच्या आतल्या मजकुराशी, कॉपी, सेव्ह, शोध, प्रिंट. अपवाद आहेत, पण रीत बऱ्याच ठिकाणी लागू पडते. शिफ्ट बहुतेक वेळा दोनपैकी एक काम करतो, उलटी दिशा किंवा सिलेक्शन. टॅबने पुढच्या रकान्यात, शिफ्ट + टॅबने मागच्या. ॲरोने कर्सर सरकतो, शिफ्ट + ॲरोने सरकता सरकता सिलेक्ट होतं. आणि कंट्रोल ॲरोची उडी मोठी करतो, ॲरोने एक अक्षर, कंट्रोल + ॲरोने एक शब्द. मग या दोन्ही गोष्टी जोडल्या की कंट्रोल + शिफ्ट + ॲरोने एकेक शब्द सिलेक्ट होणार हे कोणी सांगायला लागत नाही. एंडने ओळीच्या शेवटी, कंट्रोल + एंडने सगळ्या मजकुराच्या शेवटी. कंट्रोल + बॅकस्पेसने मागचा अख्खा शब्द जातो, टायपिंग चुकलं की एकेक अक्षर मागे खोडत बसणारे लोक बघितले की मला हे एवढं तरी सांगावंसं वाटतंच.

झेड, एक्स, सी, व्ही या चार अक्षरांचं मात्र वेगळं आहे. कट-कॉपी-पेस्टची कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या कामातून आली, आणि पुढे १९८३ च्या ॲपल लिसावर ही अक्षरं आली. ती चारही खालच्या ओळीत एकमेकांना लागून आहेत, कमांडच्या कळेजवळ (ॲपलवर कंट्रोलचं काम करणारी कळ), डावा हात जागचा न हलवता दाबता येतात म्हणून. मला हे शिकवताना फार उपयोगी पडतं, कारण शॉर्टकट हाताच्या सोयीसाठी बनतो हे यातून दिसतं. जो दाबायला दोन्ही हात आणि बोटांची कसरत लागते तो रोजच्या कामाचा नाही असं खुशाल समजा.

फाइल्सचं काम तुम्ही किती करता ते लिहिलं नाहीत, पण ऑफिस म्हटलं की स्कॅन आणि अटॅचमेंट आलेच. विंडोज + ई ने एक्सप्लोरर उघडतो. फाइलच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं पटकन टाईप केली की सिलेक्शन थेट तिथे जातं, खाली खाली स्क्रोल करायला नको. ऑल्ट + वरचा ॲरो म्हणजे बाहेरच्या फोल्डरमध्ये, ऑल्ट + डावा म्हणजे मागे, ऑल्ट + डी म्हणजे वरच्या ॲड्रेसच्या पट्टीत, कंट्रोल + शिफ्ट + एन म्हणजे नवीन फोल्डर. आणि एफ२ म्हणजे नाव बदलणं, यावर जरा थांबते.

आमच्याकडे स्कॅनरमधून चाळीस-पन्नास फाइल्स एकदम येतात, सगळ्यांची नावं नुसते नंबर, आणि प्रत्येकीला ग्राहकाचं नाव द्यायचं असतं. नवीन माणूस काय करतो, फाइलवर राइट क्लिक, मेनूत रीनेम शोधायचं, नाव टाईप करायचं, बाहेर क्लिक, पुढच्या फाइलवर राइट क्लिक. हेच असं करायचं. पहिली फाइल सिलेक्ट करून एफ२. नाव आपोआप सिलेक्ट होतं, डॉटच्या पुढचं एक्स्टेंशन सोडून, म्हणजे ते चुकून खोडलं जायची भीती नाही. नाव टाईप करायचं आणि एंटर न दाबता टॅब दाबायचं. टॅबने हे नाव पक्कं होतं आणि खालच्या फाइलचं नाव लगेच बदलायला उघडतं. नाव, टॅब, नाव, टॅब, शेवटच्या फाइलला एंटर. मी सुरू करण्याआधी फोल्डर तारखेनुसार लावून घेते, कारण नावानुसार लावलेला असेल तर नाव बदललं की फाइल यादीत दुसरीकडे उडी मारते आणि क्रम हरवतो. बाजूला कागद ठेवून हे करताना नजर कागदावर राहते, स्क्रीनकडे अधूनमधून बघितलं तरी चालतं. चुकलं तर कंट्रोल + झेड एक्सप्लोररमध्येही चालतं, नाव परत जुनं होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पण शिफ्ट + डिलीटला कंट्रोल + झेड नाही. ते रिसायकल बिनमध्ये न टाकता थेट काढून टाकतं. माझ्या हातून एकदा एका महिन्याच्या स्कॅनचा फोल्डर असा गेला, विचारणारा डबा आला होता पण हाताच्या वेगात एंटर दाबलं गेलं, बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी तो शॉर्टकट वापरत नाही आणि कोणाला शिकवतही नाही. कंट्रोल + ऑल्ट + डिलीट ही तीन कळांची जोडी आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी मुद्दाम अशी निवडली होती की ती एका हाताने चुकून दाबली जाऊ नये, कारण तेव्हा त्याने मशीन सरळ रीस्टार्ट व्हायचं. धोक्याचा शॉर्टकट असाच अवघड असायला हवा. शिफ्ट + डिलीट तसा नाही, म्हणून आपणच लांब राहायचं.

समोर डबा उघडला, म्हणजे सेव्ह करायचं का, प्रिंट कसं हवं वगैरे, की बरेच जण कीबोर्डवर कितीही तरबेज असले तरी माऊस धरतात. गरज नाही. टॅबने एकेका जागेवर जाता येतं, स्पेसने टिक लागते किंवा निघते, ऑल्ट + खालच्या ॲरोने यादी उघडते, एंटर म्हणजे ओके, एस्केप म्हणजे रद्द. एक्सेल-वर्डमध्ये ऑल्ट एकदा दाबून सोडा, वरच्या पट्टीवर प्रत्येक बटणाशेजारी अक्षर उमटतं, मग एकापाठोपाठ एक अक्षरं दाबायची, सगळी एकदम धरायची नाहीत. कॉलमची रुंदी मजकुराएवढी करायला मी ऑल्ट, एच, ओ, आय असं दाबते, कधी पाठ केलं नव्हतं, अक्षरं बघून बघून दाबलं आणि दोन-तीन आठवड्यांत बघणं बंद झालं. यादीपेक्षा हे चांगलं, कारण उत्तर स्क्रीनवरच असतं. तसंच मेनूत नावापुढे उजवीकडे शॉर्टकट लिहिलेला असतो, बटणावर माऊस जरा थांबवला की तिथेही बऱ्याचदा दिसतो. माऊसने क्लिक करताना तो एकदा वाचायचा, एवढी सवय लावलीत तरी खूप झालं.

अजून एक सांगते जो कुठल्याही कामात लागतो, विंडोज + व्ही. पहिल्यांदा दाबलं की चालू करायचं का विचारतं, चालू करा. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात आणि हवी ती पेस्ट करता येते. एका फाइलमधून पाच आकडे दुसरीकडे न्यायचे असतील तर पाच फेऱ्या मारायच्या नाहीत, पाचही एकापाठोपाठ कॉपी करायचे आणि तिकडे जाऊन विंडोज + व्ही मधून टाकायचे. नेहमी लागणारा मजकूर तिथे पिन करता येतो, बाकीचं मशीन रीस्टार्ट केल्यावर जातं, पिन केलेलं राहतं. फक्त पासवर्ड कॉपी केलात तर तोही या यादीत दिसू शकतो, मशीन दुसरं कोणी वापरत असेल तर काढून टाका. आणि जागेवरून उठताना विंडोज + एल, मशीन लॉक, हा तरी आजच्या आज लावून घ्या.

स्क्रीनच्या तुकड्याचा फोटो विंडोज + शिफ्ट + एस. ब्राउझरमध्ये चुकून बंद केलेला टॅब परत आणायला कंट्रोल + शिफ्ट + टी. मराठी-इंग्लिश दोन्हीत टाईप करत असाल तर भाषा बदलायला विंडोज + स्पेस. हे तिन्ही ज्याला लागतात त्याला एकदा सांगितले की पुरतं, सरावाची गरज पडत नाही.

आता सराव कसा करायचा. कागदावरच्या सगळ्यात जास्त रेघांची एक गोष्ट घ्या, फार तर दोन. त्यांचेच शॉर्टकट छोट्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या खालच्या कडेला लावा आणि ती शंभराची यादी काढून टाका, ती समोर असली की नजर तिच्यावरून घसरते. मग नियम एकच, त्या एका कामासाठी माऊस वापरायचा नाही. हात गेलाच आणि क्लिक झालंच, तर ते परत पहिल्यासारखं करून शॉर्टकटने पुन्हा करायचं. ही पुन्हा करण्याची गोष्ट कंटाळवाणी वाटते पण सगळं काम तीच करते, कारण हाताला कळतं की माऊसकडे गेलं तर काम दुप्पट होतं. पहिले चार-पाच दिवस तुम्ही आधीपेक्षा हळू व्हाल, हे होणारच, म्हणून महिनाअखेरीच्या किंवा डेडलाइनच्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका, घाईत हात जुन्या वाटेनेच जातो आणि मग "आपल्याला जमत नाही" असं वाटून सोडलं जातं. जमलं कसं ओळखायचं? कोणी विचारलं की हे कसं केलंस, आणि तुम्हाला सांगण्यासाठी परत हातांकडे बघायला लागलं, तर तो बसला. मग चिठ्ठी काढा, दुसरी लावा.

माऊस पूर्ण सोडायच्या मागे मात्र लागू नका. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला पहिल्यांदा जाहीरपणे माऊस चालवून दाखवला तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचं छोटं यंत्र, एक हात दाखवायला आणि एक हात सांगायला. मला ती वाटणी आजही बरोबर वाटते. लांबलचक पान वाचताना, चार्टमधला एखादा बिंदू निवडताना, नकाशा बघताना माऊसच बरा. मला काळजी कशाची वाटते तर टाईप करता करता मध्येच हात उचलून माऊसकडे नेऊन परत आणण्याची, कारण त्या फेरीत वेळ तर जातोच, शिवाय परत येताना बोटं चुकीच्या कळांवर पडतात आणि मनातलं वाक्य किंवा आकडा निसटतो. एफ आणि जे च्या कळांवर छोटे उंचवटे असतात ना, तर्जनी तिथे परत आली की न बघता जागा कळावी म्हणून. हात तिथेच राहिले तर नजर कामावर राहते, आणि दिवसाच्या शेवटी मला याचा फरक वेगापेक्षाही थकव्यात जास्त जाणवतो.

तुम्ही विंडोजवर आहात पण कधी मॅकवर जायची वेळ आली तर थोडक्यात. तिथे कॉपी-पेस्ट वगैरे कंट्रोलऐवजी कमांडने होतं, शब्दाची उडी ऑप्शन + ॲरोने. कमांड + टॅब ॲप बदलतं, विंडो नाही, त्यामुळे एकाच ॲपच्या दोन विंडोंमध्ये ये-जा करायला टॅबच्या वरच्या कळेसोबत कमांड दाबावा लागतो, विंडोजवरून गेलेले सगळे इथे अडतात. आणि फाइलवर एंटर दाबलं तर ती उघडत नाही, नाव बदलायला येतं, उघडायला कमांड + खालचा ॲरो. रीत मात्र तीच, शिफ्टने उलटं किंवा सिलेक्शन, त्यामुळे आठवड्याभरात हात वळतो.

राहिला कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरचा प्रश्न. महागडा कीबोर्ड घेऊन शॉर्टकट येत नाहीत, पण लॅपटॉपचा कीबोर्ड फार दाटीचा असेल, होम-एंड वेगळे नसतील किंवा एफएन धरल्याशिवाय मिळत नसतील, तर साधा पूर्ण आकाराचा बाहेरचा कीबोर्ड खरंच कामाचा आहे, कारण होम, एंड आणि ॲरो दिवसभर लागतात. सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज फुकट आहे, त्यात कळा बदलून घेता येतात, मी त्यात एकच बदल केलाय, कॅप्स लॉकची कळ दुसरा कंट्रोल केलीय, कारण ती करंगळीच्या अगदी शेजारी आहे आणि कॅप्स लॉक म्हणून मला ती कधी लागत नाही. पण हे तुम्ही आत्ता करू नका. स्वतःचे बदल केलेत की दुसऱ्याच्या मशीनवर बसल्यावर हात अडखळतात, आणि आत्ता तुमच्या हाताला मूळचेच माहीत नाहीत. आधी उद्या सकाळी कागद घेऊन बसा, दुपारी रेघा मोजा, आणि पहिल्या तीन ओळी इथे लिहा, त्यातल्या पहिल्या ओळीला कोणता शॉर्टकट बसतो ते मी सांगते.